सिस्टरचा चिमटा

प्रश्नपेटीतली चिठ्ठी सिस्टर कधी हातानं काढत नसत. त्यासाठी त्यांच्याकडे एक चिमटा होता. दवाखान्यातला, लांब, स्टीलचा, जखमेवरचा बोळा उचलायचा. त्यात चिठ्ठी धरायच्या, हात लांब करायच्या, चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायच्या आणि नाक मुरडून म्हणायच्या, "शी. ही पण खाजच."

मग ती चिठ्ठी डाव्या ट्रेमध्ये पडायची.

ट्रे दोन होते, तेही दवाखान्यातलेच, ऑपरेशनच्या टेबलावर असतात तसे वाकड्या आकाराचे. उजवा दुखण्याचा, डावा खाजेचा. ज्याला आतून खरंच काही सलतंय, त्याचा प्रश्न उजवीकडे. ज्याला नुसतं चघळायला काहीतरी हवंय, त्याचा डावीकडे. डावा ट्रे दर महिन्याला भरून वाहायचा. उजव्यात दोन, फार तर तीन चिठ्ठ्या असायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचा हुद्दाच त्यांचं नाव होऊन बसतो. सिस्टर मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. धुळ्यात देवपुरात एकट्या राहायच्या. चर्चच्या व्हरांड्यात पाळकसाहेबांनी एक लाकडी पेटी ठेवली होती, लोकांनी बायबलबद्दल, देवाबद्दल, आत्म्याबद्दल काहीही विचारावं म्हणून. उत्तरं पाळकांनी द्यायची असं ठरलं होतं. पण पहिल्याच महिन्याच्या चिठ्ठ्या वाचून त्यांनी ती पेटी सिस्टरच्या हवाली केली. चार पानांच्या मासिक पत्रकात शेवटच्या पानावर ही उत्तरं छापून यायची आणि ते पत्रक माझ्या दुकानात लागायचं.

माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, दशक्रियेची निमंत्रणं, जे येईल ते. आम्ही बौद्ध. आमच्या घरात भूत नाही, करणी नाही, अंगात येणं नाही. त्यामुळे दर महिन्याला ती उत्तरं टाइप करताना माझं डोकं फिरायचं. सैतानाला शेपूट असते का? अमावास्येला बाप्तिस्मा घेतला तर चालतो का? लिंबावर चुकून पाय पडला तर कोणतं वचन म्हणावं? माणसं धर्म बदलतात, देव बदलतात, पण चौकातल्या लिंबाला भ्यायचं काही सोडत नाहीत. मला किळस यायची.

"तुम्ही हे कसं सहन करता हो?" मी एकदा विचारलं.

"सहन कोण करतंय? म्हणून तर चिमटा आणलाय."

खाजेच्या प्रश्नांना त्या उत्तर देत नसत, नुसता बायबलमधल्या अध्यायाचा आणि ओवीचा, म्हणजे वचनाचा, आकडा देत. "उघडा आणि वाचा. त्यांना चघळायचंय ना, मग शास्त्रच चघळू देत." महिन्यातून एकदा त्या चिठ्ठ्या आणि ट्रे पिशवीत घालून माझ्या दुकानात यायच्या; पाच मिनिटांत डावा ट्रे निकालात निघायचा. त्या भराभर आकडे सांगायच्या, मी भराभर टाइप करायची आणि दोघी मिळून लोकांच्या अकलेला हसायचो. मला तो तास फार आवडायचा, हे आधीच कबूल करते.

एक प्रश्न मात्र दरवर्षी यायचा आणि दरवर्षी त्या चिडायच्या. जुन्या करारात एका राजाची गोष्ट आहे. लढाईला घाबरलेला राजा वेष पालटून आत्मे बोलावणाऱ्या एका बाईकडे जातो आणि मेलेल्या संदेष्ट्याला बोलव म्हणतो. तर तो वर आलेला आत्मा खरंच त्या संदेष्ट्याचा होता, की सैतानानं घेतलेलं सोंग होतं? मोठमोठी शिकलेली माणसं यावर भांडतात म्हणे. एका वर्षी सिस्टरनी ती चिठ्ठी माझ्या टेबलावर आपटली होती.

"आत्मा खरा का खोटा, एवढंच विचारतात. पुढचं कुणी वाचत नाही. तो राजा भीतीनं जमिनीवर पडला, दिवसभराचा उपाशी होता. तेव्हा त्याला जेवायला कुणी घातलं? त्याच बाईनं. घरातलं वासरू कापलं, पीठ मळलं, भाकरी भाजल्या. ज्या राजानं तिच्यासारख्यांना देशाबाहेर हाकललं होतं, त्याला तिनं जेवायला घातलं. हे विचारा ना कुणीतरी."

हे उत्तर छापू या का म्हटलं तर म्हणाल्या, नको, खाजेला एवढी जागा द्यायची नाही. अध्याय-ओवी दिली आणि पुढची चिठ्ठी उचलली.

उजव्या ट्रेची तऱ्हा वेगळी. त्यातलं बरंचसं छापायला यायचंच नाही. पत्रक आसपासच्या गावांतल्या चर्चमध्येही जायचं आणि तिथून टपालानं, कुणाच्या हाती चिठ्ठ्या यायच्या; एकदा वरणगावहून एका बाईची आली होती. नवरा ऑर्डनन्स फॅक्टरीत. तिचं बाळ जन्मलं आणि एका दिवसात गेलं, बाप्तिस्मा राहिला. जाऊ म्हणते, ते अंधारात भटकतंय. खरं का? सिस्टरनी ती चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं जळगाव, भुसावळ करत वरणगावला जाऊन आल्या. परत आल्यावर मी विचारलं, काय सांगितलं तिला?

"सांगायचं काय? बाळाचं नाव काय ठेवणार होतीस ते विचारलं. इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं. मग ती रडली, मी बसले. आणि जावेला बाहेर बोलावून झापलं."

भुतांचं त्यांना भय म्हणून नव्हतंच. रात्रपाळ्यांत शेकड्यानं मेलेले पाहिले, त्या सांगायच्या, एकही परत आला नाही. नातेवाईक मात्र परत परत आले, कानातलं कुठं गेलं विचारायला. दुष्ट आत्मे आहेत असं मात्र त्या ठामपणे मानायच्या. शास्त्रात आहेत म्हणजे आहेत. मी हसले तर म्हणायच्या, "हस. तुझ्या न मानण्यानं ते जात नाहीत, आणि चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांच्या मानण्यानं येत नाहीत."

आता त्या चिठ्ठीबद्दल सांगते. सांगताना मला माझीच किळस येते, पण सांगते.

वहीच्या फाटक्या पानावर निळ्या शाईत, नीट अक्षरात एक प्रश्न आला. चेटकिणीचं काय करावं याबद्दल शास्त्रात काय आज्ञा आहे? सिस्टरनी चिमट्यानं धरून वाचली, नाक मुरडलं. "सिनेमे बघतात आणि चिठ्ठ्या लिहितात." डाव्या ट्रेमध्ये. मला अध्याय आणि ओवी सांगितली. मी टाइप केली. ती ओळ काय आहे हे तेव्हा मी पाहिलंही नाही. आम्ही दोघींनी वर चहा घेतला.

ती ओळ फार जुन्या काळच्या कायद्यातली आहे. चेटकिणीला जिवंत ठेवू नका, असा तिचा अर्थ.

पंधरा-वीस दिवसांनी माझ्या मोबाइलवर कुठून कुठून फिरत एक फोटो आला. आमच्या पत्रकाचा तुकडा. माझाच टाइप, माझीच चौकट. त्या ओवीच्या आकड्याभोवती लाल गोल काढलेला, आणि खाली एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, डोक्यावर लाकडाची मोळी, कॅमेऱ्याकडे बावळटासारखी हसणारी. बिचारीला वाटलं असेल, कुणीतरी हौसेनं फोटो काढतंय. त्याखाली लिहिलं होतं की शास्त्राचं उत्तर आलेलं आहे, कापणीच्या सणाला मंडळीनं निर्णय घ्यावा.

मी दुकानाचं शटर अर्धवट ओढून तशीच सिस्टरकडे पळाले. त्यांनी फोटो पाहिला. मग त्या उठल्या, डाव्या ट्रेमधून ती चिठ्ठी शोधून काढली आणि मागची बाजू उलटली. मागे पेन्सिलीनं गावाचं नाव होतं, पिंपळनेरच्या पुढची एक वाडी. ते नाव आम्ही वाचलंच नव्हतं.

"ही खाज नव्हती," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी जिवावर उठलेत, त्याचा कागद होता हा."

सण त्याच आठवड्यात, रविवारी होता. पाळकसाहेब म्हणाले, पोलिसांत कळवू, मग बघू. सिस्टरनी त्यांच्याकडून पोलिसांना फोन करवून घेतला, तो होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या, आणि रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीत जाऊन बसल्या. मी सोबत गेले. मला वाटत होतं, मी चालले म्हणजे मोठीच शूर.

वाडीत एक पत्र्याची शेड, तेच चर्च. कापणीचा सण म्हणजे शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणायचं. टेबलावर नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं, मका, भोपळे, मिरच्या छान मांडल्या होत्या. उपासना संपली की प्रीतिभोजन असतं. प्रत्येक घरातून एक पातेलं येतं, सगळी पातेली रांगेत ठेवतात आणि ज्यानं त्यानं कुणाच्याही पातेल्यातलं घेऊन एकत्र जेवायचं. रांग मोठी होती. एक पातेलं मात्र रांगेपासून लांब, मोरीच्या कडेला ठेवलेलं होतं. त्यावर माश्या बसत होत्या आणि त्याच्याभोवती जमिनीवर कुणीतरी तेलाची रेघ ओढली होती. पातेल्याजवळ ती फोटोतली म्हातारी बसली होती. हसत नव्हती.

ती विधवा, मूलबाळ नाही, नवऱ्याच्या पुतण्याच्या आधारानं राहणारी. वाडीत एका मुलीला झटके येत होते आणि पावसाळ्यात कुणाच्या दोन शेळ्या मेल्या होत्या. अलीकडे तिथे एक ब्रदर, म्हणजे फिरते उपदेशक, यायला लागले होते. मोटारसायकल, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात माइक. त्यांनी प्रार्थनेत पाहिलं म्हणे, की वाडीतलं दुष्टपण एका बाईच्या चुलीतून निघतं. मी ब्रदरकडे पाहिलं आणि खरं सांगते, एखाद्या माणसाची इतकी शिसारी मला आयुष्यात आली नव्हती. घामाघूम गर्दीत तो एकटा अत्तर लावून उभा होता.

सिस्टर सरळ त्या पातेल्यापाशी गेल्या. रेघ कुणी ओढली, विचारलं. ब्रदर अदबीनं म्हणाले, अभिषेकाचं तेल आहे, त्यामुळे वाईट शक्ती बाहेर येत नाही. सिस्टर खाली वाकल्या आणि पदरानं ती रेघ पुसून काढली. पांढरा पदर मातीनं आणि तेलानं बरबटला. मग उठून सगळ्यांकडे वळल्या.

"ते उत्तर मी दिलं. धुळ्याच्या पत्रकात लिहिते ती मीच. ओळ शास्त्रात आहे, मी खोटी छापली नाही. पण तुम्ही मला एका जिवंत बाईबद्दल विचारत होतात आणि मी आकडा देऊन मोकळी झाले, कारण मला तुमची किळस आली होती. चूक माझी आहे. या बाईची नाही."

ब्रदर म्हणाले, म्हणजे सिस्टर, वचन बदललं का?

"वचन बदललं नाही. प्रभूनं भूत लागलेल्या माणसाचं काय केलं ते वाचलंय ना तुम्ही? ज्याला साखळ्यांनी बांधायचे, जो कबरींत राहायचा, त्याच्यातली भुतं काढली आणि त्या माणसाला म्हणाला, घरी जा. भूत काढलं, माणूस घरी पाठवला. तुम्हाला भूत काही दिसलं नाही, म्हणून तुम्ही माणूसच काढताय."

सिस्टरनी त्या मुलीच्या आईला जवळ बोलावलं, झटके कधी येतात, किती वेळ राहतात, तोंडाला फेस येतो का, सगळं विचारलं आणि सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात, उद्याच ने, असं सांगितलं. मग खाली मांडी घालून बसल्या.

"अक्का, मला वाढ. सकाळपासून उपाशी आहे."

"मना हातनं?" म्हातारीनं विचारलं. "मना हातनं कोनी पानीबी पेत नही, बाई."

"मी पिते. वाढ."

तिनं वाढलं. नागलीची भाकर आणि उडदाची डाळ. डाळ गार झाली होती, तिच्यावर साय धरली होती. सिस्टर जेवल्या. सावकाश, बोटं चाटून. एक म्हातारा माणूस येऊन शेजारी बसला आणि त्यानंही ताट पुढे केलं. मग दोन बायका आल्या. बाकीचे उभे राहिले. ब्रदर मोटारसायकल काढून निघून गेले.

मग त्या म्हातारीनं एक ताट माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, "नको. माझं पोट बरं नाही."

माझं पोट ठणठणीत होतं. मला काय झालं, मी अजून सांगू शकत नाही. मी भूत मानत नाही, करणी मानत नाही, दर महिन्याला लोकांच्या अकलेला हसते. पण त्या ताटावर एक माशी होती, त्या बाईची नखं काळी होती, इतके लोक उभे राहून बघत होते, आणि मनात कुठेतरी आलं, कशाला उगाच. एवढंच, कशाला उगाच. आणि माझा हात पुढे गेला नाही.

माझ्या आईला दोंडाईच्याजवळच्या तिच्या गावी शाळेत पाणी वरून ओंजळीत ओतत. मडक्याला हात लावू देत नसत. ते सांगताना आजही तिचा आवाज बदलतो. लहानपणापासून ऐकत आले मी ते. आणि तिची मुलगी, शिकली सवरली, स्वतःचं दुकान असलेली, एका वाळीत टाकलेल्या बाईला सगळ्या गावासमोर सांगते, माझं पोट बरं नाही. थू. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

परतीच्या एसटीत सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. साक्री गेल्यावर त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "उपाशी राहू नको," एवढंच म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सिस्टरचं भाषण ऐकून वाडी सुधारली असं समजू नका. मुलीला गोळ्या सुरू झाल्या, झटके थांबले, पोलिसही एकदा येऊन गेले. पण त्या फोटोचं काय करणार? तो फिरतच राहिला. महिनाभरात पुतण्यानं अक्काच्या खोपटाची कौलं उतरवली. सिस्टर पुन्हा गेल्या आणि तिला एसटीत बसवून देवपुरात आपल्या घरी घेऊन आल्या. सामान म्हणजे एक गाठोडं आणि ते पातेलं.

पुढच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर सिस्टरनी मला चौकट लावायला सांगितली. मागच्या अंकातलं एक उत्तर चुकलं आहे, ओवी बरोबर होती, उत्तर चुकलं, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. पाळकसाहेबांना ते नाव छापणं जड गेलं. सिस्टर म्हणाल्या, नाव गाळायचं तर पत्रक बंद करा.

त्या दिवसापासून चिमटा गेला आणि ट्रेही गेले. चिठ्ठ्या हातानं काढायला लागल्या. मागची बाजू आधी बघायच्या. लिंबावर पाय पडलेल्याला सुद्धा चार ओळी लिहायच्या, आणि मी कुरकुर केली की म्हणायच्या, "नर्सला किळस आली की निदान चुकतं, पोरी. मला हे विशीत शिकवलं होतं. सत्तरीत विसरले." पत्रक चाराचं सहा पानी झालं. आमच्या हसण्याचा तो तास मात्र परत कधी झाला नाही.

मी त्यांच्या घरी जायची, मजकूर आणायला. अक्का स्वयंपाकघरात असायची. पण माझा चहा सिस्टर स्वतः करायच्या. गुडघे धरून उठायच्या, ओट्याशी उभ्या राहायच्या, आणि अक्का उठायला लागली तर "तू बस" म्हणायच्या. दोन वर्षं. एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. त्या का उठतात ते मला कळत होतं, आणि त्यांनाही कळत होतं की मला कळतंय. मी तो चहा गुपचूप प्यायची आणि निघायची. आज अक्काच्या हातचा द्या, एवढं म्हणायला मला दोन वर्षांत तोंड झालं नाही.

या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. दुपारी आडव्या झाल्या, उठल्या नाहीत. मातीला खूप लोक आले होते. वरणगावची ती बाई आली होती, कडेवर दुसरं लेकरू घेऊन. पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाबद्दल चांगलं सांगितलं. मेलेले आपल्याला बघतात का, हा प्रश्न मी शंभरदा टाइप केला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो खाजेचा वाटला नाही.

चार दिवसांनी पत्रकातल्या श्रद्धांजलीसाठी फोटो हवा म्हणून त्यांच्या घरी गेले. दार उघडं होतं. सिस्टरची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली, पेटी तिच्यावर. आत अक्का गॅसवर नागलीची भाकर भाजत होती आणि ती उलटत होती त्या चिमट्यानं. लांब, स्टीलचा. टोकं जाळावर काळी पडली होती.

तिनं मला पाहिलं. चहा करायला आता कुणी उठणार नव्हतं. तिनं काही न विचारता ताट घेतलं, भाकर ठेवली, त्याच पातेल्यातली डाळ वाढली आणि ताट माझ्यासमोर आणलं. ठेवलं नाही, हातात धरूनच उभी राहिली, त्या दिवशी उभी होती तशीच.

"त्या दिनले तुनं पोट बरं नही व्हतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती, दोन वर्षं लक्षात ठेवून. "आते बरं शे ना?"

मी ताट घेतलं आणि खाली बसले. पहिला घास घेतला, तर तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्यायले. मग जेवले, आणि दुसरी भाकर मागून घेतली.